महाराजांचा होकार

"सूर्य माथ्यावर आला की मी विचारीन," सायरीकाका तोक्तोच्या कानाशी पुटपुटले. "महाराजांनी हो म्हणायचं. दमदार आवाजात. मागच्या खेपेला महाराज खोकले, ते बरं दिसलं नाही."

"काका, खोकला मला झाला होता."

"लोकांना काय माहीत? दोन घरांनी औषधाच्या मुळ्या पाठवल्या."

तोक्तो महाराजांची वाचा होती. महाराज स्वतः बोलत नसत. ती त्यांच्या आवाजात बोलली की ते त्यांचंच बोलणं, आणि ते खोटं म्हणायची कुस्को शहरात कुणाची छाती नव्हती. काय बोलायचं ते मात्र सायरीकाका आधी ठरवत. ते महाराजांचे पुतणे आणि घराण्याचे कारभारी.

सणाचा दिवस होता, म्हणून सगळे राजे चौकात येऊन बसले होते. महाराजांच्या उजवीकडे त्यांचे वडील, पलीकडे आजोबा, त्यांच्याही पलीकडे पणजोबा. प्रत्येकाचा महाल वेगळा, शेतं वेगळी, नोकरचाकर वेगळे. गादीवरच्या तरुण राजाला खोऱ्यात एक वाफाही उरला नव्हता. म्हणून तो दर वर्षी दूर कुठेतरी लढाईवर जाई, आणि लोक त्याला शूर म्हणत.

महाराजांचं जेवण चाललं होतं. उकडलेला मका आणि लामा या लोकरीच्या जनावराचं मांस त्यांच्यापुढच्या शेगडीत पडत होतं. धूर महाराजांचा, पातेल्यात उरलेलं घराण्याचं. घराण्यात बारीक कुणीच नव्हतं.

शेजारच्या आसनापुढे पेला उंचावला गेला. तो धरला होता वामान नावाच्या म्हाताऱ्याने. तो महाराजांच्या वडिलांची वाचा.

"पी, बाळा," वामान वडिलांच्या आवाजात म्हणाला. "तुझ्याकडची दारू म्हणजे निव्वळ पाणी. माझी घे."

"बाबा, तुमच्या मक्याला कीड लागल्याचं ऐकलं," तोक्तो महाराजांच्या आवाजात म्हणाली.

चौक हसला. वामानही हसला, पण पहाटेपासून उभं राहून त्याचे पाय लटलटत होते. वाचेला बसायची परवानगी नव्हती. राजे बसलेले असत.

तोक्तोच्या मागे उर्पी उभी होती. कोकाच्या पानांचे मळे असलेल्या पोमाची धाकटी मुलगी. महाराजांनी आज हो म्हटलं की ती त्यांची होणार होती, जन्मभरासाठी. माश्या वारायच्या, पेला धरायचा, दुसऱ्या पुरुषाकडे मान वर करून पाहायचं नाही. तिच्यासोबत बापाचे मळेही महाराजांचे होणार होते. काका मुलीला एकदा पाहून आले होते आणि मळे तीनदा चालून आले होते. गावातल्या लामा राखणाऱ्या एका मुलाशी तिचं ठरलेलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

"मावशी," उर्पी ओठ न हलवता म्हणाली, "ते नाही म्हणू शकतात ना?"

"म्हणतात कधीकधी."

"मग?"

"मग काका उद्या पुन्हा विचारतात. परवा पुन्हा. तरी ऐकलं नाही तर महाराजांची वाचा बदलतात. माझ्या आधीची तशीच बदलली."

"कुणासाठी नाही म्हणाली होती ती?"

"माझ्यासाठी."

तोक्तो आली तेव्हा उर्पीएवढीच होती. तिच्यासोबत मक्याची शेतं आली होती, चांगली ओलिताखालची.

सूर्य माथ्यावर आला. काकांनी दोन्ही हात पसरले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं विचारलं, "महाराज, पोमाची ही कन्या आपल्या पायाशी आली आहे. तिला पदरात घ्याल ना?"

सणाची शिंगं वाजायची थांबली. पोमा मान खाली घालून उभा होता. तरुण राजासुद्धा आपल्या पूर्वजाचं उत्तर ऐकायला वळला.

तोक्तोने महाराजांकडे पाहिलं. सोन्याच्या पत्र्याचे डोळे सरळ समोर रोखलेले होते. इतकी वर्षं ती त्यांच्या अंगावरच्या माश्या वारत आली होती, पण त्यांचा राग तिला कधी आला नव्हता. त्यांनी तिचं काही वाईट केलं नव्हतं. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

हो म्हटलं तर पोरगी आज जाणार. नाही म्हटलं तर चार दिवसांनी. ज्याच्यानंतर पुन्हा विचारताच येणार नाही असं उत्तर एकच होतं, आणि ते या चौकात कुठल्याही राजाच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. ते दिल्यावर संध्याकाळी आपल्याला कोण जेवायला घालणार, हे तिला माहीत नव्हतं.

तिने घसा साफ केला. आवाज दमदार निघाला.

"सायरी, पोरीला घरी जाऊ दे. अरे, मी मेलो तेव्हा तुझे केस काळे होते. मेलेल्या माणसाला बायको कशाला? आणि मळे तरी कशाला?"

काकांनी तोंड उघडलं. महाराज खोटं बोलतात म्हणावं, तर आजवरचं त्यांचं प्रत्येक बोलणं खोटं ठरत होतं, आणि त्या बोलण्यावर मिळालेलं शेत न् शेत. खरं बोलतात म्हणावं, तर शेतं आत्ताच जात होती. काकांनी तोंड मिटलं आणि मदतीसाठी शेजारच्या आसनाकडे पाहिलं. तिथे वामान सगळ्यांच्या देखत खाली जमिनीवर बसत होता. बसल्यावर त्याने पाय लांब केले.

"मीसुद्धा, बाळा," महाराजांचे वडील म्हणाले. "तुझ्याही आधी."