धाकू तळवडेकरची नोंद

छप्पन सालच्या जानेवारीत, लालबाग-परळला गोळीबार चालू असतानाच, शेवंती एका इस्पितळाच्या दप्तरात आजोबांचा मृत्यू शोधायला आली. मालवणहून गलबताने आलेला हा गिरणीकामगार तिची आई तान्ही असतानाच बेपत्ता झाला होता. आई आता चाळीतल्या खोलीत अंथरुणाला खिळली होती, तरी बापाची वाट बघत होती.

म्हाताऱ्या कर्णिक कारकुनांनी एकोणीसशे आठच्या गोळीबाराची वही काढली. ‘धाकू पांडू तळवडेकर, गाव मालवण, वय पस्तीस. डावा कान तुटका. मानेत गोळी.’

“हेच ते,” शेवंती म्हणाली. तिला रडू आवरेना. “एवढं लिहून द्या. आई सुटेल.”

नक्कल लिहिण्याआधी कर्णिकांनी नावांची यादी पुन्हा पाहिली आणि दुसरी वही ओढली. “बाई, हे सेहेचाळीसच्या दंगलीतलं. तेच नाव, तेच गाव, तुटका कान, मानेत गोळी. वयही पस्तीसच.”

“कसं शक्य आहे?”

“नातू असेल त्यांचा, आजोबांचं नाव ठेवलेला.”

“त्यांना एकटी माझी आई.”

बाहेर पुन्हा गोळ्या सुटल्या. माणसं किंचाळत अंगणातून धावली. थोड्या वेळाने वॉर्डातला दगडू कोपरापर्यंत रक्ताने माखून दारात आला.

“कर्णिकसाहेब, एक आणलाय. मानेतून गोळी आरपार गेलीय, डावा कान जुनाच तुटलेला. डॉक्टर म्हणतात नाडी नाही. पण तो बोलतोय.”

“काय बोलतोय?”

दगडूने शेवंतीकडे पाहिलं.

“म्हणतो, दप्तरात माझी नात बसलीय. तिला विचारा, माझी पोर कुठल्या खोलीत निजलीय.”