पाठीतली सुई

वॉर्डाच्या खिडकीवर टांगलेली जाड चादर, आजारी डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून.

केळीच्या पानात तसाच गार झालेला मटोकेचा, उकडून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांचा, गोळा.

खाटेखालच्या पिशवीत झाडाच्या सालीचं वस्त्र. मेलेल्याला गुंडाळायचं.

खाटेवर दोन बायका, पाठीला पाठ लावून.

त्यातली आजारी ती नान्तोंगो. दुसरी तिची आत्या, नाबुकीरा. डॉक्टरच्या सुईला पाठ सापडू नये म्हणून आत्या सकाळपासून अशी ठाण मांडून बसली होती.

"आत्या, उठा," डॉक्टर ओपियो म्हणाला. "डोक्यात पाणी दाटलंय. पाठीच्या कण्यातून काढलं नाही तर आधी हिचे डोळे जातील, मग जीव."

"हिच्या भावालाही असंच टोचलंत. त्याच संध्याकाळी लुबोवा गेला. एक घर, किती जणांवर हात साफ करणार?"

"त्या सुईनंतर कोणी चालत घरी जात नाही," शेजारच्या खाटेवरून एक बाई म्हणाली.

ओपियोने हातमोजे ओरबाडून काढले. "मग ते वस्त्र वर काढा, आत्या. लपवून कशाला ठेवलंय? तयारी तर झालीच आहे तुमची."

"जीभ झडेल तुझी."

"आत्या, सरक." हे नान्तोंगो बोलली. डोळे घट्ट मिटलेले.

"गप पड. ताप बोलतोय तुझा."

"सरक म्हणते ना. दादाच्या वेळी मी पायथ्याशीच बसले होते. सगळं पाहिलंय मी."

  नान्तोंगोने आत्याला कोपराने ढकलून खाटेवरून उतरवलं. मग गुडघे पोटाशी ओढले आणि पाठीची कमान केली.

सुई आत गेली तेव्हा तिने खाटेचा लोखंडी दांडा आवळून धरला. पाणी थेंबाथेंबाने आलं नाही. धार लागली.

बाटली भरत आली तशी तिची मूठ सैल झाली.

"ती चादर काढा," ती म्हणाली. "उजेड येऊ दे."

आत्या जवळच होती. ती हलली नाही. चादर शेजारच्या बाईने काढली.

लुबोवाला सुई टोचली तोवर त्याने माणसं ओळखणं सोडलं होतं. त्याआधी, डोकं धरून तो ‘टोचा, टोचा’ म्हणून ओरडत होता तेव्हा, आत्या त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती.