विहिरीची ओहोटी

आंध्रच्या किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणमची सहल करून आलेल्या प्रगती मॅडमनी समुद्रापासून दूरच्या बेला गावातल्या शाळेत पोरांना सगळं रंगवून सांगितलं. जुनं बंदर, डच लोकांच्या थडग्यांवरची अक्षरं, दिवसातून दोनदा मागे सरून परत येणारा समुद्र.

दुसऱ्या सकाळी प्रगतीच्या घरामागच्या विहिरीचं पाणी पाच हात खाली गेलं होतं.

"मोटर तर लावलीच नाई," खुशाल, तिचे वडील, म्हणाले.

दुपारी विहीर आपोआप भरली. प्रगतीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. ते खारट होतं. रात्रभर तिला झोप लागली नाही.

तिसऱ्या सकाळी विहिरीचा तळ उघडा पडला. खुशाल पायऱ्या उतरून खाली गेले.

"बाबा, वर या! पाणी परत भरंल."

"थांब वं. इथं गाळ नाई, वाळू हाये. अन् वाळूत पावलं हायेत, ओली."

"कोणाची?"

"लय जणांची." त्यांचा आवाज बारीक झाला. "सारी पायऱ्यांकडंच आली. मांगं गेलेलं एकबी नाई."

प्रगतीनं वळून पाहिलं. घरात आई एकटीच होती. आतून तिचा आवाज येत होता, "बसा नं. लय दुरून आलेले दिसता. पाणी देऊ?"