सोमवारची तपासणी

नवरा दर रविवारी आपल्या तीस वर्षं जुन्या गाडीखाली झोपून कधी इंजिन, तर कधी ब्रेक खोलून बसायचा. आणि बायको दर सोमवारी लेकीला शाळेत सोडायच्या आधी तीच गाडी गुपचूप कोपऱ्यावरच्या गॅरेजात न्यायची. परत जोडताना या माणसाकडून एखादा नट राहिला, तर थेट वरचं तिकीट, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

काल तर त्याने चारही चाकांचे ब्रेक बदलले होते. मेकॅनिकने चाकं काढून पाहिली, एक चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, सात वर्षं झाली तुम्ही येताय. आजवर माझ्यावर एकही नट आवळायची वेळ आली नाही. साहेबांचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. एकदा सांगा तरी त्यांना."

तिने घाईघाईने किल्ली उचलली.


"अजिबात नको. आत्ता एकाच गाडीखाली झोपतात. हे कळलं, तर अख्ख्या गल्लीच्या गाड्या दारात आणून उभ्या करतील."