खेचर घेऊन गेलेला भाऊ

"चौथं प्रकरण वाच," हॉयट म्हणाला. "तो पोरगा घर सोडून जातो म्हणे, तिथून."

मॉडीनच्या हातात तिचीच कादंबरी होती. ती खरं तर वाचायला आली नव्हती, माफी मागायला आली होती. उत्तर जॉर्जियातल्या डोंगरातल्या या वृद्धाश्रमात ती आपल्या भावाला पंचेचाळीस वर्षांनी भेटत होती. सकाळपासून ती त्याच्या खाटेशेजारी बसली होती आणि अजून तिच्या तोंडून ऊन-पावसापलीकडे काही निघालं नव्हतं. पुस्तक त्याच्या उशाशी दिसलं. वाचलंस का, असं तिनं विचारलं. मला आता कुठं दिसतंय, असं तो म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

त्यांचे वडील लाकडाच्या वखारीत ओंडक्याखाली सापडून गेले, तेव्हा हॉयट सोळाचा होता. मॉडीन नऊ वर्षांची आणि धाकटी आयना पाच. कापसाची जमीन दुसऱ्याची, वाट्यानं केलेली. खेचर तेवढं स्वतःचं. मार्चमधल्या एका रविवारी आई दोघी मुलींना घेऊन चर्चमधून परत आली, तर घरात हॉयट नव्हता आणि गोठ्यात खेचर नव्हतं. आईनं डोक्यावरची हॅट काढली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "हॉयट पळून गेला. या घरात आता त्याचं नाव काढायचं नाही."

नांगरट राहिली. जमीन गेली. तिघी गिरणीच्या चाळीत राहायला गेल्या. त्या वर्षीच्या हिवाळ्यात आयना न्यूमोनियानं गेली. आई पुढं सात वर्षं जगली. रोज रात्री गुडघे टेकून ती एकच मागणं मागायची, की प्रभू, जो दूर गेलाय त्याला सांभाळ. मॉडीनला वाटायचं, केवढं हिचं मन, एवढं करूनही त्याच्यासाठी प्रार्थना करते.

हेच सगळं तिनं कादंबरीत लिहिलं. नावं बदलली. रविवार तोच ठेवला, खेचर तेच ठेवलं, धाकटीचं मरणही तसंच ठेवलं. पुस्तक ठिकठिकाणच्या चर्चमधल्या बायकांच्या मंडळांनी वाचलं. त्यांची पत्रं यायची. सगळ्यांना क्षमा करता येते, पण त्या पोराला नाही, असं त्या लिहायच्या. मॉडीन प्रत्येकीला बायबलमधल्या उधळ्या पुत्राची, परत आलेल्या मुलाला बाप पोटाशी धरतो ती गोष्ट लिहून उत्तर पाठवायची.

मागच्या महिन्यात लेटी मावशीचा फोन आला. आईची ही धाकटी बहीण आता त्र्याऐंशी वर्षांची होती. तिनं पुस्तक शेवटापर्यंत वाचलं होतं. ये म्हणाली, लगेच ये. मॉडीन गेली, तर मावशीनं तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. घर सोडायच्या आधीच्या हिवाळ्यात हॉयटच्या थुंकीत रक्त पडायला लागलं होतं. घरात क्षय आहे हे कळलं असतं तर कुणी जमीन दिली नसती, गिरणीनं दारात उभं केलं नसतं, आणि लहानग्या पोरींनाही तो लागला असता. म्हणून त्या रविवारी पहाटे, पोरी झोपेत असताना, आईनंच त्याला खेचरावर बसवलं. गावाबाहेर ते विकून गाडीनं क्षयाच्या दवाखान्यात जा म्हणाली. चोर म्हणवून घ्यायचं हे दोघांनी मिळून ठरवलं. चोराच्या बहिणींना काम मिळतं, क्षयवाल्याच्या नाही. हे कुणाला सांगणार नाही, अशी शपथ आईनं मावशीला बायबलवर हात ठेवून घ्यायला लावली होती. हॉयट नऊ वर्षं त्या दवाखान्यात होता. बाहेर पडला तेव्हा आई नव्हती, एक फुप्फुस नव्हतं, आणि आईला दिलेला शब्द तेवढा होता. त्याचा पत्ता मावशीकडं होता. नाताळाला तो तिला कार्ड पाठवायचा.

मॉडीननं चौथं प्रकरण उघडलं. पोरगा काठीनं मारत खेचराला गोठ्याबाहेर काढतो आणि एकदाही मागं वळून बघत नाही, असं तिनं लिहिलं होतं. ती ओळ तिच्या समोर होती.

तिनं वाचलं, "आई दारात उभी होती. तिनं स्वतःची गोधडी त्याच्या खांद्यांवर घातली. पोरगा खोकला दाबत होता, पोरी जाग्या होऊ नयेत म्हणून."

पुस्तकातलं सोडून ती मनचंच वाचत राहिली. वेळ बघून पानं उलटत राहिली. हॉयट डोळे मिटून ऐकत होता. खेचर ओढ्यापलीकडं गेलं तशी ती थांबली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण त्यात असं नाहीये."

मॉडीननं पुस्तकातून मान वर केली.

"मला आंघोळ घालायला येतात ना, त्या ऑडेसाबाईंनी वाचून दाखवलंय. सगळं. दोनदा."

"हॉयट, मला ठाऊक नव्हतं रे. लेटी मावशीनं आत्ता सांगितलं."

"तुला ठाऊक नसणारच. म्हणून तर तसं लिहिलंस." तो श्वासासाठी थांबला. त्याला वेळ लागायचा.

तिनं पुस्तक मिटलं आणि त्याचा हात धरला. पुसू नये ते तिनं पुसलं. "मग एवढं ऐकून पुन्हा कशाला वाचायला लावलंस?"

"तिथून शेवटापर्यंत तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. शेवटी आई मरायला टेकते. पोरीला जवळ बोलावते. मला वाटलं, तेव्हा तरी ती पोरीला खरं काय ते सांगेल." त्यानं डोळे उघडले नाहीत. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ऑडेसाबाईंनी एखादं पान गाळलं असेल."