नसलेल्याला हाक

"जी मेथड लिहिलेलीच नाही, तिला कुणी हाक मारली तर 'ती नाही' म्हणून प्रोग्राम कोसळू द्यायचा नाही. हाक झेलायची, जमेल ते उत्तर द्यायचं. कबूल?" जपानात, मात्सुएच्या ऑफिसात रूबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना माझ्या नवऱ्याने, सोसुकेने, बजावलं होतं.

"कबूल, गुरुजी," मी हसले होते.

सोसुके वारला. माझ्या सासऱ्यांच्या ते लक्षातच राहत नाही. रोज विचारतात, "सोसुके कुठाय गं?" मला खोटं बोलवत नाही. "तो गेला, बाबा," म्हटलं, की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळतात.

आज मी देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते. मागून हाक आली, "सोसुके, हिरवा चहा घुसळून दे रे."



"देतो म्हणालाय, बाबा," म्हणत मी पाणी तापवायला उठले.