बायकोचा रुसवा

चाळीस वर्षं बायको माझ्या थापांना हसली. आमचा बोका भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो म्हटलं, तर हसता हसता तिच्या हातातलं पातेलं पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती हसेनाशी झाली. रुसली असेल म्हणून हत्तीएवढ्या थापा मारल्या, पण चेहरा ढिम्म. मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

स्वेटरची बटणं लावायला तिला अर्धा तास लागू लागला, तेव्हा डॉक्टर गाठले. तिघांनी 'वय झालं' म्हणत वाटेला लावलं. चौथीनं नीट तपासलं.

"आजोबा, हा मेंदूचा आजार आहे. यात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आजींना हसू येतं, पण ते दिसत नाही."



बायको हळूच म्हणाली, "मी हसतच होते हो. तुम्हीच थापा मारायचं सोडलंत."